उसाचा रानटी भाऊ : नीरेकाठचं कसाड आणि कपाटातलं गवत

आजचा विषय आहे गवत. एवढ्यावर स्क्रोल करू नका, कारण या गवताचा तुमच्या घरातल्या साखरेच्या डब्याशी थेट संबंध आहे. आपल्या इंदापूर-बारामतीत तर उसाच्या बिलाशी संबंध आहे, म्हणजे घराशी, शाळेच्या फीशी आणि लग्नकार्याशीही.

मी बावड्याचा. गावाच्या दक्षिणेला नीरा, पलीकडे अकलूज. नदीबरोबर खाली पूर्वेला गेलं की नीरा नरसिंहपूर, तिथे नीरा आणि भीमा एकत्र येतात. या काठावर पावसाळा सरता सरता माणसापेक्षा उंच गवताला पांढरे, रेशमासारखे तुरे येतात. पुस्तकात त्याला कसाड म्हणतात, कुठे बगबेरी, हिंदीत कांस आणि संस्कृतात काश. बंगालमध्ये हे फुललं की दुर्गापूजा आली असं समजतात. कालिदासाच्या ‘ऋतुसंहार’मध्ये शरद ऋतूच्या वर्णनात हेच गवत आहे. आपल्याकडे मात्र बहुतेक जण त्याला नुसतं ‘गवत’ म्हणतात. बांधावर आलं की कुदळ घेतात, नाहीतर काडी लावतात.

शास्त्रीय नाव सॅकरम स्पॉन्टेनियम. हे नाव लिनियसने १७७१ मध्ये दिलं. उसाला त्याने १७५३ मध्येच नाव देऊन ठेवलं होतं, सॅकरम ऑफिसिनॅरम. ‘सॅकरम’च्या मुळाशी आपलाच शब्द आहे, शर्करा. ‘ऑफिसिनॅरम’ म्हणजे औषधवाल्याच्या दुकानातला, कारण युरोपात एकेकाळी साखर औषधाच्या दुकानात मिळायची. आणि ‘स्पॉन्टेनियम’ म्हणजे आपोआप उगवणारा. एक दुकानातला, एक आपसूक आलेला. घराणं मात्र एकच.

कागदावर चिकटवलेलं गवत

आता एक प्रश्न. शंभर वर्षांपूर्वी नीरेच्या काठावर हे गवत होतं का? ‘असणारच की’ हे उत्तर चालणार नाही. पुरावा कुठाय?

असा पुरावा ठेवण्याची जागा म्हणजे हर्बेरियम. एखादी वनस्पती फुलासकट, शक्य असेल तर मुळासकट उपटायची, वर्तमानपत्रात घालून दाबायची, कागद बदलत बदलत वाळवायची आणि साधारण ४२ बाय २८ सेंटिमीटरच्या जाड कागदावर चिकटवायची. खाली उजव्या कोपऱ्यात चिठ्ठी लावायची. त्यावर नाव, ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव, नमुन्याचा क्रमांक आणि ‘ओढ्याकाठी’, ‘काळ्या जमिनीत’ अशी एखादी टीप. झालं. कीड लागू दिली नाही तर हा कागद दोन-तीनशे वर्षं टिकतो. आणि तो पुन्हा तपासता येतो, ही खरी गंमत. नाव चुकलं असेल तर पुढचा अभ्यासक शेजारी नवी चिठ्ठी लावतो, जुनी काढत नाही. सातबाऱ्यावरच्या फेरफारासारखंच आहे ते, सगळा इतिहास एकाच कागदावर. आता तर जुन्या वाळक्या पानातून डीएनएसुद्धा काढता येतो.

आपल्या भागात हे काम कुणी केलं? थोडक्यात सांगतो. १८३९ मध्ये जॉन ग्रॅहम यांची मुंबई परिसरातल्या वनस्पतींची यादी आली. १८६१ मध्ये डॅलझेल आणि गिब्सन यांचं ‘बॉम्बे फ्लोरा’ आलं. यातले गिब्सन म्हणजे पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी बागेचे प्रमुख आणि मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक. पुढे पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य थिओडोर कुक आले. हा माणूस मुळात रेल्वेचा इंजिनिअर! निवृत्तीनंतर लंडनजवळच्या क्यू बागेत बसून त्यांनी मुंबई इलाख्याची फ्लोरा लिहिली, १९०१ ते १९०८ या काळात ती छापून आली. आजही महाराष्ट्रात वनस्पतिशास्त्र शिकणारा विद्यार्थी कुकशिवाय पुढे सरकत नाही. त्याच कॉलेजात वुड्रो वनस्पतिशास्त्र शिकवत. मूळचे गोव्याचे डॉ. लिस्बोआ यांनी १८९० च्या दशकात मुंबई इलाख्यातल्या गवतांची उपयोगांसकट यादी केली. त्यांच्या पत्नीने त्याआधीच, १८८९ मध्ये, सुगंधी गवतांवर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये निबंध लिहिला होता. आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातले स्विस पाद्री एथेलबर्ट ब्लॅटर यांनी चार्ल्स मॅकॅनबरोबर ‘द बॉम्बे ग्रासेस’ लिहिलं. पुस्तक १९३५ मध्ये आलं, ब्लॅटर १९३४ मध्येच पुण्यात वारले होते. त्यांच्या नावाचं हर्बेरियम आजही झेवियर्समध्ये आहे.

यातून एक गोष्ट लक्षात घ्या. वनस्पती गोळा करणारी माणसं जिथे जाणं सोयीचं आणि जिथे नवं काही सापडेल असं वाटतं तिथे जातात. रेल्वेच्या वाटेवर, थंड हवेच्या ठिकाणी. खंडाळा, महाबळेश्वर, घाटमाथा. पूर्वेकडचे कोरडे तालुके कुणाला खुणावणार? वर कसाडासारखं गवत म्हणजे डोकेदुखीच. उंची दोन-तीन मीटर आणि कागद हातभर! मग ते ताट इंग्रजी ‘एन’ अक्षरासारखं घडी घालून बसवावं लागतं. तुऱ्याचं रेशीम झडून जातं. जमिनीखालचं जाडजूड खोड खणून काढायला निम्मा दिवस जातो. म्हणून जगभरचा अनुभव असा की लहान, नाजूक, दुर्मीळ झाडं कपाटात भरपूर असतात. मोठी, सगळीकडे दिसणारी आणि माजलेली झाडं त्या मानाने कमी. ‘हे काय, कुठेही मिळतं’ म्हणून पुढे जायचं. मग पन्नास वर्षांनी ते कुठेही मिळत नाही तेव्हा कपाटही रिकामं निघतं.

कालवा आला, ऊस आला

आता नीरेकडे परत येऊ. १८७६-७७ चा भीषण दुष्काळ आठवा. त्या दुष्काळात लोकांना काम देण्यासाठी नीरा डाव्या कालव्याचं काम सुरू झालं आणि १८८५ मध्ये कालव्याला पाणी सुटलं. बारामती-इंदापूरच्या ज्वारी-बाजरीच्या माळरानातून पाणी वाहू लागलं. नंतर त्यावर ऊस उभा राहिला. सासवडकडचे माळी शेतकरी कालव्याच्या पाण्यावर ऊस करत करत पुढे सरकले. नीरेपलीकडे माळीनगर उभं राहिलं, अलीकडे कळंबला वालचंद हिराचंद यांचा कारखाना आला, तेच आजचं वालचंदनगर. हे १९३० च्या दशकातलं. स्वातंत्र्यानंतर सहकारी कारखाने आले, ते तुम्हाला माहीतच आहेत.

त्या काळी दख्खनमध्ये शेतकरी लावायचे तो ऊस म्हणजे पुंड्या. जाड, मऊ, रसाळ, चावून खायला झकास. अशा उसांना शास्त्रज्ञ ‘नोबल केन’ म्हणजे खानदानी ऊस म्हणतात. पण खानदानी मंडळींचं असतं तेच इथेही होतं. पाणी भरपूर हवं, खत हवं आणि रोग आला की कोलमडायचं. आंध्रात गोदावरीच्या खोऱ्यात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लाल कूज रोगाने ऊस बसला. जावा बेटावर डच मळेवाल्यांना ‘सेरेह’ नावाच्या रोगाने जेरीस आणलं.

उपाय काय? नवीन जात. पण ऊस तर कांडी लावून वाढवतात, एकाच उसाची पुन्हा पुन्हा प्रत. आईबाप वेगळे असल्याशिवाय वेगळं लेकरू कुठून येणार? त्यासाठी बी हवं. उसाच्या तुऱ्यात उगवणारं बी असतं हे जावात आणि बार्बाडोसमध्ये १८८० च्या दशकात नक्की झालं. म्हणजे इकडे नीरा कालव्याला पाणी सुटत होतं त्याच दशकात.

कोईमतूरचा प्रयोग

१९१२ मध्ये कोईमतूरला ऊस पैदास केंद्र सुरू झालं. जागा नीट विचार करून निवडलेली होती. तिथल्या हवेत उसाला तुरा छान येतो आणि बी धरतं. प्रमुख होते सी. ए. बार्बर, सोबत टी. एस. वेंकटरामन. त्यांनी ‘वेल्लै’ नावाचा खानदानी ऊस घेतला आणि त्याचा संकर केला तिथल्याच रानातल्या कसाडाशी. ज्या गवतात साखर जवळपास नाही, ताट बोरूएवढं बारीक आणि आतून भेंडासारखं, त्याच्याशी सोयरीक! त्यातून आली को २०५. १९१८ मध्ये ती पंजाबसाठी दिली गेली. ‘को’ म्हणजे कोईमतूर. आज आपण बोलताना जी ‘को’ लावतो ती हीच.

जावामध्येही असंच घडलं. तिथे एका डोंगराच्या उतारावर ‘कासूर’ नावाचा नैसर्गिक संकर सापडला, बाप तिथलं रानटी कसाड. त्याच्या वंशात पुढे पीओजे २८७८ ही जगप्रसिद्ध जात तयार झाली. तिचा आणि को २९० चा संकर म्हणजे को ४१९. तुमच्या आजोबा-पणजोबांना विचारा, ‘चारशे एकोणीस’ म्हटलं की ओळखतील. पुंड्याला महाराष्ट्रातून बाहेर काढणारी हीच जात. तिच्यानंतर को ७४० आली आणि तिने कित्येक वर्षं आपले कारखाने चालवले. मग को ८६०३२, म्हणजे आपली ‘शहाऐंशी झिरो बत्तीस’. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रामार्फत ती महाराष्ट्रात आली तेव्हा तिला नाव मिळालं ‘नीरा’! ज्या नदीच्या काठावर उसाचा रानटी भाऊ उभा आहे, त्याच नदीचं नाव.

इथे थोडं विज्ञान, सोपं करून. खानदानी उसात ८० गुणसूत्रं असतात. कसाडात ४० पासून १२८ पर्यंत, जिथलं गवत तसा आकडा. नेहमीच्या नियमाने आई निम्मी गुणसूत्रं देते. पण या संकरात गंमत होते. खानदानी ऊस आई असेल तर ती बहुधा सगळीच्या सगळी ८० देऊन टाकते. त्यामुळे लेकरू पहिल्याच पिढीत आईकडे झुकतं आणि दोन-तीन वेळा पुन्हा खानदानी उसाशी जोडलं की साखर परत येते. आजच्या उसात शंभराच्या वर गुणसूत्रं आहेत, त्यातली साधारण १० ते २० टक्के या रानगवताची.

म्हणजे त्याने काय दिलं? साखर नाही दिली, हे खरं. पण फुटवे दिले, रोगाला तोंड द्यायची ताकद दिली, पाण्याची ओढ सहन करायचा चिवटपणा दिला. आणि खोडवा दिला. तोडणीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटायची जी ताकद आहे तिचा मोठा वाटा याच्याकडून आला. तुमच्या घरी लागणीनंतर खोडवा, खोडव्यानंतर निडवा घेत असतील तर बेण्याचा खर्च वाचतो, त्यात याचाही हात आहे.

जानकी अम्मल

आता या गोष्टीतली माझी सगळ्यात आवडती व्यक्ती. ई. के. जानकी अम्मल. जन्म १८९७, केरळमधलं तलश्शेरी. १९३१ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट. १९३४ ते १९३९ त्या कोईमतूरला होत्या. सूक्ष्मदर्शकाखाली ऊस आणि कसाडाची गुणसूत्रं मोजणं, उसाचा मक्याशीसुद्धा संकर करून पाहणं, असली कामं त्यांनी केली. ते वर्ष डोळ्यांसमोर आणा आणि एक बाई एकटीने हे करतेय हेही आणा. नंतर त्या इंग्लंडला गेल्या. १९४५ मध्ये सी. डी. डार्लिंग्टन यांच्याबरोबर लागवडीच्या वनस्पतींच्या गुणसूत्रांचा ग्रंथ प्रसिद्ध केला.

१९५१ मध्ये पंडित नेहरूंनी त्यांना परत बोलावलं. काम? मरगळलेल्या भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेची, म्हणजे बीएसआयची, नव्याने घडी बसवणं. या पुनर्रचनेत देशाच्या वेगवेगळ्या भागांत संस्थेची केंद्रं उघडली आणि त्यातलं पश्चिम विभागाचं केंद्र १९५५ मध्ये पुण्यात सुरू झालं. महाराष्ट्राच्या वनस्पतींचे लाखाच्या वर कागद आज तिथल्या कपाटांत आहेत. म्हणजे बघा, जिने कसाडाची गुणसूत्रं मोजली तिनेच आपल्याजवळच्या सगळ्यात मोठ्या हर्बेरियमची वाट मोकळी केली. एका बाजूला जिवंत गवत, दुसऱ्या बाजूला कागदावरचं. दोन्ही कामं एकाच माणसाच्या हातून गेली.

त्याच काळात, स्वातंत्र्याच्या आगेमागे, कोईमतूरकरांनी देशभर फिरून कसाड गोळा करायची मोहीम काढली. नाव ‘स्पॉन्टेनियम एक्स्पिडिशन’. गोळा केलेल्या प्रत्येक वाणाला ‘एसईएस’ असा क्रमांक. इथे कागदावर चिकटवायचं नव्हतं, कांडी आणून जिवंत लावायची होती. यातल्या एसईएस २०८ या वाणापासून काढलेल्या रोपाचा पूर्ण जीनोम २०१८ मध्ये शास्त्रज्ञांनी वाचून काढला. नदीकाठचं एक गवत कुणीतरी नोंद करून उचललं होतं, म्हणून सत्तर वर्षांनी हे जमलं. नोंद नसती तर ती नुसती एक पेंढी होती.

मग अडलंय कुठे?

काही जण म्हणतील, झाला की संकर, आता गवत हवंय कशाला? म्हणून उत्तर प्रदेशचं उदाहरण. तिथे को ०२३८ ही जात इतकी चालली की निम्म्याहून कितीतरी जास्त क्षेत्रावर तीच एक जात झाली. मग तिच्यावर लाल कूज आली आणि शेतकऱ्यांना उभे फड मोडावे लागले. आपल्याकडेही वर्षानुवर्षे सर्वात मोठं क्षेत्र शहाऐंशी झिरो बत्तीसखाली आहे, जोडीला दोनशेपासष्ट. २००२ च्या सुमारास लोकरी मावा आला तेव्हा पश्चिम महाराष्ट्राची काय तारांबळ उडाली ते घरच्यांना विचारा. उद्या नवा रोग आला तर पैदासकार पुन्हा रानगवताकडेच बघणार. आणि प्रत्येक नदीचं कसाड वेगळं असतं. गुणसूत्रांचे आकडेच वेगळे, हे आत्ताच पाहिलं. नीरेचं म्हणजे कावेरीचं नाही.

पण नीरेचं उरलंय किती? काठाची वाळू गेली. मळी आणि सांडपाणी आलं. ऊस अगदी पात्रापर्यंत नेला. तिकडे भीमेचा काठ १९८० च्या आसपास उजनीच्या पाण्याखाली गेला. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, आपण सगळे जाऊन फोटो काढतो. देवळाचे दगड सापडतात, पण त्या काठावर कोणतं गवत होतं हे पाणी उतरल्यावर दिसत नाही. ते फक्त कुणीतरी दाबून ठेवलेल्या कागदावरच दिसू शकतं.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा गवताचा वकील झालाय. कसाड गरीब नाही. रानात शिरलं की निघता निघत नाही. पनामात बाहेरून आलेल्या याच गवताने कालव्याच्या परिसरात ठाण मांडलंय आणि तिथे जंगल परत वाढू देत नाही. अमेरिकेत ते सरकारच्या घातक तणांच्या यादीत आहे. त्यामुळे ते बांधावर पाळा, असं मी म्हणत नाही. शेतातलं काढा. नदीचा काठ मात्र त्याचं घर आहे, तिथे माती धरून ठेवायचं काम ते करतं.

तुम्ही काय करू शकता

हातात फोन आहे, एवढं पुरे. गणपती ते दिवाळी या दिवसांत नदीकाठी पांढरे तुरे दिसले की चार फोटो काढा. एक पूर्ण झाडाचा, एक तुऱ्याचा जवळून, एक पान जिथे ताटाला मिळतं तिथला आणि एक आजूबाजूच्या जागेचा. लोकेशन चालू ठेवा, तारीख आपोआप येते. ‘आयनॅचरलिस्ट’सारख्या अ‍ॅपवर टाका. घोटाळा करू नका. तपकिरी, काकडीसारखं कणीस असेल तर ते पाणकणीस. रुंद पानं आणि मळकट, भरघोस तुरा असेल तर बहुधा नळ. कसाडाचं पान अरुंद, मधली शीर पांढरी आणि तुरा चांदीसारखा.

फोटो म्हणजे हर्बेरियमचा कागद नव्हे, त्यातून डीएनए निघत नाही. पण तुमच्यापैकी कुणी बारामती-इंदापूरच्या कॉलेजात बॉटनी शिकत असेल, तर प्रॅक्टिकलसाठी नमुने गोळा करावेच लागतात ना? दरवेळी तीच सदाफुली आणि तोच धोतरा नको. एक कसाड घ्या. ‘एन’सारखी घडी घाला, जमिनीखालचं खोड थोडं तरी खणा आणि चिठ्ठीवर नुसतं ‘पुणे जिल्हा’ लिहू नका. गाव लिहा, नदी लिहा, कोणता काठ ते लिहा, तारीख लिहा. मग ते तुमच्या सरांना सांगून पुण्याच्या हर्बेरियममध्ये देता येतं का, ते विचारा.

पुढच्या भागात माळावर जाऊ. कडबनवाडी आणि शिर्सुफळच्या गवताळ रानात चिंकारा आणि लांडगा का राहतात, आणि पवना, मारवेल, कुसळी ही गवतं ओळखायची कशी. तोवर तुमच्या गावात कसाडाला काय म्हणतात ते मला नक्की कळवा, गावाच्या नावासकट. आलेली नावं पुढच्या भागात वाचून दाखवीन. भेटू!